घरात एकाला ग्लुटेन बंद आणि सँडविच सगळ्यांना हवं: आमच्याकडे काय जमलं, कसं जमलं

ग्लुटेन-फ्री, म्हणजे गहू, जव, राय यांच्यातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन नसलेलं, म्हटलं की सँडविचच्या बाबतीत पहिला प्रश्न ठरलेला, ब्रेड कुठला आणता? मी पण पहिलं वर्षभर तेच विचारत फिरले. दर महिन्याला नवीन ब्रेड, दर वेळी तोंड वाकडं. आणि एवढं करून ग्लुटेन बंद असलेल्या धाकटीचं पोट अधूनमधून बिघडायचंच. तिचा ब्रेड वेगळा, पाकीट वेगळं, ताटली वेगळी, तरी का होतंय कळेना. मग एक दिवस सकाळी बटरचा डबा उघडला आणि उजेडात नीट बघितला, तर सुरीने पडलेल्या खाचेत तीन-चार तपकिरी कण रुतून बसलेले. मोठ्या मुलाने आपल्या टोस्टला बटर लावलं, सुरी परत डब्यात घातली, परत लावलं, आणि त्याच डब्यातलं बटर मी धाकटीच्या ब्रेडला लावत होते. म्हणजे ब्रेड शोधण्यात सगळी शक्ती घालवली आणि खरा चोर चुरा होता.

हिशोब सांगते म्हणजे पटेल. गव्हाच्या ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमधे साधारण २ ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. सिलियाक, म्हणजे ग्लुटेन खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार, असलेल्या बहुतेकांना दिवसभरात मिळून १० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं असं मानतात. म्हणजे त्या स्लाइसचे दोनशे तुकडे करा, त्यातला एक. बटरमधले ते चार कण आता कसे दिसतात बघा.

पुढे जायच्या आधी एक, कारण हे उलटं केलेले लोक मी बघितलेत. घरात कोणाला सिलियाकची शंका असेल तर टेस्ट व्हायच्या आधी ग्लुटेन बंद करू नका. रक्ताची टेस्ट अँटीबॉडी शोधते, आणि ग्लुटेन बंद केलं की त्या हळूहळू कमी होतात, मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि काहीच कळत नाही. आधी डॉक्टर, आधी टेस्ट, मग पथ्य. आणि घरात एकाला निघालं तर आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची टेस्ट करून घ्या, जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला असू शकतं, आणि कित्येकांना काही त्रासच जाणवत नाही.

आधी ठरवा: अख्खं घर की अर्धं घर

दोन रस्ते आहेत. एकतर गहू घरातूनच बाहेर काढायचा, नाहीतर दोन्ही ठेवायचं आणि शिस्त पाळायची. घरात अगदी लहान मूल असेल, जे खाली पडलेलं उचलून तोंडात घालतं, तर पहिला रस्ता डोक्याला सोपा. आमच्याकडे चार माणसं आणि त्यातल्या तिघांना साधा ब्रेड हवा, त्यामुळे आम्ही दुसरा घेतला. पण एक मधली सोय केली, घरात गव्हाचा ब्रेड येतो, सुटा मैदा किंवा गव्हाचं पीठ येत नाही. कारण ब्रेडचा चुरा जिथे पडला तिथे पडून राहतो, दिसतो, पुसता येतो. पीठ हवेत उडतं, तासन् तास तरंगतं आणि मग खाली उघड्या पडलेल्या प्रत्येक वस्तूवर बसतं.

मग किचनमधला एक कोपरा

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते खरंच वेगळं लागतं. टोस्टर वेगळा. वापरलेला टोस्टर उलटा करून झटका आणि काय काय पडतं ते बघा, मग तुम्हीच नवीन आणाल. दुसरा टोस्टर घेणं शक्य नसेल तर ओव्हनच्या ट्रेवर स्वच्छ बेकिंग पेपर टाकून त्यावर भाजा किंवा टोस्टरमधे घालायच्या पिशव्या मिळतात त्या वापरा. सँडविच ग्रिलचं पण तसंच, त्या खाचा कितीही घासल्या तरी बिजागरीपाशी काहीतरी राहतंच, दोन्हीकडे बेकिंग पेपर लावून दाबलं की काम होतं.

लाकडी चॉपिंग बोर्ड वेगळा, कारण सुरीच्या चिरांमधे चुरा बसतो. भांडी घासायचा स्पंज वेगळा. चाळण वेगळी. काच आणि स्टीलच्या ताटल्या, सुऱ्या मात्र वेगळ्या लागत नाहीत, साबण लावून नीट धुतल्या की झालं. इथे एक गैरसमज खूप जणांचा असतो, गरम केलं की ग्लुटेन मरतं. ग्लुटेन म्हणजे जंतू नाही, प्रोटीन आहे, मरायला ते जिवंतच नाही. कितीही भाजा, सॅनिटायझर चोळा, ते जात नाही. साबण आणि पाणी, बस.

बटर, जॅम, मेयो, पीनट बटर यांचे दोन सेट, किंवा मग दाबून काढायच्या बाटल्या, ज्यात सुरी घालायचा प्रश्नच येत नाही. धाकटीच्या सगळ्या डब्यांना आम्ही लाल टेप लावली. लिहून ठेवलेलं कोणी वाचत नाही, रंग बरोबर दिसतो. आणि तिचं सामान कायम सगळ्यात वरच्या फळीवर, चुरा वरून खाली पडतो, खालून वर जात नाही.

ब्रेड विकत घेताना काय वाचायचं

पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असलं तर त्याला आकड्याचा आधार असतो, किलोमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ग्लुटेन. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांनी २००८ मधे ही मर्यादा धरली, अमेरिकेने २०१३ मधे नियम केला, युरोपात पण तीच आहे. युरोपात अजून एक प्रकार दिसतो, अतिशय कमी ग्लुटेन, तिथे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यामुळे दोन्ही एकच समजून उचलू नका.

गहू नाही असं लिहिलेलं वेगळं आणि ग्लुटेन नाही वेगळं. गहू नसला तरी राय असू शकते, जव म्हणजे बार्ली असू शकते, त्या दोन्हीत ग्लुटेन आहे. माल्ट दिसलं की ते बहुतेक वेळा बार्लीचंच. स्पेल्ट, ड्युरम, रवा हे सगळं गव्हाच्याच खानदानातलं. सावरडो ब्रेडमधलं ग्लुटेन आंबवल्यामुळे जातं असं कोणी छातीठोक सांगितलं तरी गव्हाचा सावरडो सिलियाकवाल्याला द्यायचा नाही. कुट्टूचं उलटं आहे, त्याच्या इंग्रजी नावात गहू आहे, बकव्हीट, पण त्याचा गव्हाशी काही संबंध नाही आणि ते चालतं. ओट्स मूळचे ठीक असतात, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत असतात, म्हणून पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, आणि फार थोड्या लोकांना तेही सोसत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना विचारून सुरू करा.

अजून एक बारीक गोष्ट. काही ग्लुटेन-फ्री ब्रेडच्या यादीत चक्क गव्हाचा स्टार्च असतो. बघून धडकीच भरते. तो ग्लुटेन धुऊन काढलेला असतो आणि ब्रेडवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर सिलियाकला चालतो, पण ज्याला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्याला नाही. सिलियाक आणि अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या भानगडी आहेत, आपल्या घरातली कुठली हे पक्कं माहीत असू द्या.

बाकी यादीत फायबर किती ते बघा. नुसत्या स्टार्चचे पांढरे ब्रेड दिसायला छान आणि पोटात काही नाही.

ब्रेड ठेवायचा कसा, आणि टोस्ट का करायचाच

ग्लुटेन-फ्री ब्रेड फ्रिजमधे ठेवायचा नाही. फ्रीजर चालेल, फ्रिज नाही. भाजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो, गार झाला की परत घट्ट व्हायला लागतो, त्यालाच आपण ब्रेड शिळा झाला म्हणतो, आणि हे सगळ्यात जोरात होतं फ्रिजच्या तापमानाला. साध्या ब्रेडमधे ग्लुटेनची जाळी थोडं सांभाळून घेते, इथे ती नाहीच आणि स्टार्च भरपूर, म्हणून सकाळचा ब्रेड संध्याकाळी भुशासारखा लागतो. तर आणल्याबरोबर किंवा भाजून गार झाल्याबरोबर स्लाइस करा, दोन-दोन स्लाइसमधे बेकिंग पेपरचा तुकडा, हवा काढून पिशवीत, फ्रीजरमधे. लागतील तेवढेच काढा, तसेच गोठलेले टोस्टरमधे.

टोस्ट करणं इथे ऐच्छिक नाही हो. गरम केलं की तो घट्ट झालेला स्टार्च परत मऊ होतो, वरून कडक पापुद्रा येतो आणि तोच सारणाचं वजन पेलतो. लोक न भाजता खातात आणि मग म्हणतात पुठ्ठा आहे. हलकंच भाजा, सोनेरी व्हायच्या जरा आधी काढा, आणि ताटलीत सपाट न ठेवता जाळीवर किंवा एकमेकांना टेकवून उभे ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला वाफ धरून ओला होतो.

घरी करायचा असेल तर

दर वेळी करू नका, दमाल. महिन्यातून दोन लोफ करून फ्रीजरमधे टाकले की पुरतात. मी अनेकदा हरले त्याचं कारण एकच, मी गव्हाच्या ब्रेडसारखं पीठ मळायला जात होते. याचं पीठ मळायचं नसतं, ते दाट लापशीसारखं चिकट असतं आणि तसंच असायला हवं.

९०० ग्रॅमच्या लोफ टिनसाठी तांदळाचं पीठ १६० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १४० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा २४ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ८ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर १० ग्रॅम, कोमट पाणी ४६० ग्रॅम. वजनकाट्यावरच मोजा, वाटीने मोजून हा ब्रेड होत नाही. पिठं सुटी आणू नका, ज्या गिरणीत आधी गहू दळला तिथेच दळलेली असतात, बंद पाकिटातली ग्लुटेन-फ्री लिहिलेली घ्या. यीस्टच्या पाकिटावरही नजर टाका, बेकिंगचं यीस्ट सहसा ठीक असतं, बिअरच्या कारखान्यातून येणारं यीस्ट बार्लीतून आलेलं असू शकतं.

यातला जादूगार इसबगोल. पोट साफ व्हायला घेतो तोच. पाण्यात टाकला की दोन मिनिटात जेल होतो, आणि ग्लुटेनची जाळी जे करते ते म्हणजे गॅसचे बुडबुडे धरून ठेवणं, ते काम हा जेल करतो. म्हणून आधी ३०० ग्रॅम पाण्यात इसबगोल फेटून जेल करून घ्या. उरलेल्या पाण्यात साखर आणि यीस्ट, दहा मिनिटं, फेस आला पाहिजे. कोरडं सगळं मोठ्या भांड्यात एकत्र करा, त्यात जेल, यीस्टचं पाणी, तेल, व्हिनेगर घालून पाच मिनिटं दणकून फेटा, हाताने करत असाल तर दंड भरून येतो. जेलची गाठ कुठे राहू देऊ नका, ती ब्रेडमधे डोळ्यासारखी दिसते.

टिनला तेल आणि पेपर लावून मिश्रण भरा, ओल्या हाताने वरून गुळगुळीत करा, झाकून उबेला ठेवा. इथे सबुरी नको, उलट डोळा ठेवा. साधा ब्रेड दुप्पट फुगवतात, हा दीडपट झाला की आत टाका, साधारण ४० ते ६० मिनिटं. दुप्पट होऊ दिलात तर ओव्हनमधे मधेच बसतो आणि वर खड्डा पडतो, माझे पहिले तीन असेच गेले. २०० अंश सेल्सियसला साधारण एक तास, वर जास्त रंग आला तर फॉइल झाका. थर्मामीटर असेल तर मधोमध ९७-९८ अंश दाखवायला हवं. काढून लगेच टिनमधून बाहेर, जाळीवर, आणि आता सगळ्यात अवघड स्टेप, तीन-चार तास हात लावायचा नाही. घरभर वास सुटलेला असतो, सगळे सुरी घेऊन उभे, पण गरम कापला तर आतून चिकट गोळा निघणार आणि दोष रेसिपीला.

सारण: ओलं काय, कोरडं काय, कुठे काय

हा ब्रेड पाणी लवकर शोषतो आणि ओला झाला की तुटतो. म्हणून ब्रेडला लागून कायम काहीतरी स्निग्ध, बटर, क्रीम चीज, मेयो, हुमस, पीनट बटर, आणि ते कडेपर्यंत. मधेच ठिपका लावून चारी कडा कोरड्या ठेवायच्या नाहीत. त्यावर पानं, लेट्यूस किंवा पालक, मग चीज किंवा अंडं किंवा चिकन, आणि टोमॅटो काकडी अगदी मधे. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून दहा मिनिटं कागदावर ठेवल्या की त्यांचं पाणी निघून जातं, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. स्लाइस लहान असतात म्हणून सारण जास्त कोंबावंसं वाटतं, कोंबू नका, चावताना मागून बाहेर येतं आणि ब्रेड मोडतो. कापताना दातेरी सुरी, दाबायचं नाही, करवतीसारखी चालवायची.

सारणात लपलेलं ग्लुटेन हा वेगळाच विषय. नेहमीच्या सोया सॉसमधे गहू असतो, त्यात मुरवलेलं चिकन आणलं की गेलं. माल्ट व्हिनेगर घातलेले सॉस आणि लोणचवलेल्या काकड्या, गव्हाचं पीठ घालून दाट केलेली मोहरीची पेस्ट, सॉसेज आणि तयार मीटमधे भर म्हणून घातलेला ब्रेडचा चुरा, खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या माशाच्या काड्या, शाकाहारी मीट म्हणून मिळणारं सेतान जे चक्क शुद्ध ग्लुटेनच असतं. साधं चीज, अंडी, भाज्या, फळं, साधं मांस, डाळी यात काही नाही. मी तर नियमच केलाय, जितकी यादी लांब तितका संशय जास्त. आणि नेहमीचा ब्रँड असला तरी दर वेळी वाचायचं, कंपन्या न सांगता बदल करतात.

या ब्रेडमधे फायबर, लोह, फोलेट बऱ्याचदा कमी पडतं, तर ते सारणातून भरून काढता येतं. कुस्करलेले छोले, पालक, उकडलेलं अंडं, वरून तीळ किंवा सूर्यफुलाच्या बिया.

सगळ्यांचं एकदम, एकाच टेबलावर

आधी आम्ही धाकटीचं सँडविच वेगळं करून द्यायचो आणि मग आमची करत बसायचो. एकदा ती म्हणाली, माझं पेशंटचं जेवण झालं, आता तुम्ही जेवा. सात वर्षांची होती. त्यानंतर पद्धतच बदलली.

आता सारण सगळ्यांना एकच, आणि ते पूर्णपणे ग्लुटेन-फ्री. सॉस, चीज, चिकन, सगळं असं की कोणीही कुठूनही घेतलं तरी चालेल. गहू असतो फक्त मोठ्यांच्या ब्रेडमधे, आणि तो टेबलाच्या एका टोकाला, मोठ्या ट्रेमधे, म्हणजे चुरा ट्रेमधेच राहतो. प्रत्येक वाटीला आपला चमचा, चमच्याने सारण वरून टाकायचं, चमचा ब्रेडला टेकवायचा नाही. धाकटीचं सँडविच नेहमी पहिलं बांधायचं, स्वच्छ हाताने, स्वच्छ बोर्डवर. मग बाकीचे तुटून पडतात. हात लावून झालेली वाटी शेवटी उरली तर ती तिच्या फळीवर परत जात नाही, आम्हीच संपवतो. पाहुणे आले की मी ब्रेडचा ट्रे ठेवतच नाही, सगळ्यांना तिचाच ब्रेड, टोस्ट करून, बटर लावून. कोणाला कळत नाही असं नाही, कळतं, पण तेवढ्यापुरतं चालतं सगळ्यांना.

शाळेचा डबा

सकाळी केलेलं सँडविच दुपारी एक वाजता खायचं असतं, तिथे खरी परीक्षा. दोन उपाय. एक म्हणजे टोस्ट करून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच बांधायचं, गरम बांधलं की डब्यात घाम येतो. दुसरा, ब्रेड आणि सारण वेगवेगळं द्यायचं आणि तिथेच बांधून खायचं, मुलांना हे आवडतं पण. चिकन, अंडं, मेयो असेल तर डब्यात आइस पॅक हवा. डबा अदलाबदल करायचा नाही हे तिला समजावलं, पण नुसतं नाही म्हणून मुलं ऐकत नाहीत, म्हणून डब्यात दोन छोटे तुकडे जास्तीचे देते, म्हणजे तिला वाटता येतं, फक्त घ्यायचं नसतं.

बाहेर खाताना मी एकच विचारते, ग्रिल आणि सुरी वेगळी आहे का. मेन्यूवर ग्लुटेन-फ्री ब्रेड लिहिलेला असतो आणि भाजतात त्याच ग्रिलवर. समोरच्याने उत्तर द्यायला वेळ लावला तर आम्ही सॅलड घेतो, तेही क्रूटॉन म्हणजे ब्रेडचे कुरकुरीत तुकडे नसलेलं, वरून काढून टाकलेलं नाही, मुळातच न घातलेलं.

ब्रेड संपला असेल तेव्हा

लेट्यूसची दोन मोठी पानं, पातळ ऑम्लेटची घडी, तांदळाच्या कागदाची गुंडाळी, रताळ्याच्या जाड चकत्या भाजून त्यावर सारण. माझं मत विचाराल तर ऑम्लेट सगळ्यात बरं, रताळं दिसतं छान पण हातात धरवत नाही.

आणि लोफची दोन्ही टोकं, तुटलेले स्लाइस, धाकटीच्या टोस्टरच्या ट्रेमधे उरलेलं सगळं मी फ्रीजरमधे एका डब्यात साठवते, डबा भरला की ओव्हनमधे १५० अंशाला कडक करून मिक्सरमधून काढते. कटलेटला लावायला, सूपवर घालायला. डब्यावर लाल टेप आहे आणि खाली मोठ्याने स्केचपेनने लिहिलंय, हा चुरा चालतो.